नारिंगी प्रत

नारिंगी कागद चौथा. वरच्या कागदावर कितीही दाबून सही केली तरी त्याच्यापर्यंत ती अर्धीच पोचते.

*

मिरजेचे इस्माईल मुजावर चहासाठी आधी साखर जाळून घ्यायचे. पातेल्यात नुसती साखर, ती तांबूस होईपर्यंत. मग पाणी.

*

सांडपाण्याच्या आमच्या तळ्यावर बगळे उतरत नसत. खाली यायचे, पाण्यावर एक वळण घ्यायचे आणि निघून जायचे.

*

"ते जेवले होते का?" एका बाईनं मला फोनवर विचारलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

*

मी सव्वीस वर्षांची होते, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, आणि मला नाही म्हणण्याचा पगार मिळत होता.

*

वजनकाट्याच्या खोलीला एक बुटकी खिडकी होती. खिडकीवर पाटी: वाहनचालकांनी खिडकीत वाकून बोलू नये.

*

मंगळवारी सकाळी हरिबा कोळेकर त्या खिडकीत वाकले. आत पडवळ बसले होते. काटा त्यांच्या ताब्यात.

"कोळेकर, पाटी वाचता येत नाही?"

"येती की."

"मग?"

"वाकल्याबिगर तुमास्नी ऐकू जात न्हाई, आन् वाकलं तर पाटी आडवी. आता बसून बोलू का?"

पडवळ हसले. मीही हसले. मी शेजारच्या प्रयोगशाळेच्या दारात, नमुन्याच्या बाटलीची वाट बघत उभी होते.

२००३ सालचा मे महिना. धामणखिंडीच्या माळावरचं आमचं केंद्र. खालच्या औद्योगिक वसाहतीतला घातक कचरा इथे यायचा, त्यावर प्रक्रिया व्हायची, आणि जे उरेल ते जाड काळ्या प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या खड्ड्यात पुरलं जायचं. कारखान्यानं आधीच लिहून दिलेलं असायचं की आमच्या मालात अमुक अमुक आहे. गाडी आली की मी एक बाटली भरून घ्यायची आणि बघायचं, लिहिलंय तेच आहे का. जुळलं तर गेट उघडायचं. नाही जुळलं तर गाडी परत.

प्रत्येक गाडीबरोबर सहा रंगांचे सहा कागद फिरायचे. पांढरा सरकारच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला. पिवळा कारखान्याकडे, चालकाची सही घेऊन. गुलाबी आमच्याकडे. हिरवा पुन्हा मंडळाला, निळा पुन्हा कारखान्याला. आणि चौथा, नारिंगी, चालकाचा. त्यावर माझी सही झाली की गाडीतला माल त्याच्या डोक्यावरून उतरला.

हरिबा पन्नाशी ओलांडलेले. जतकडचे. दोन वर्षं गाडी घेऊन येत होते. नारिंगी कागद मिळाला की त्याची नीट चौकोनी घडी घालायचे आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवायचे. गाडीमालकाला नंतर द्यायचे, आधी खिशात.

मी बाटलीत तपासणीची पट्टी बुडवली. बुडवली न बुडवली तोच ती लाल झाली.

"काय निघालं, ताई?"

"लाल."

"म्हंजी?"

"म्हणजे तेजाब आहे. कागदावर लिहिलंय साधा गाळ, पीएच सात. म्हणजे पट्टी हिरवी यायला हवी."

"म्या न्हाई लिवलं."

"तुम्ही लिहिलं असं कुठे म्हणतेय मी? पण मला घेता येणार नाही."

"घेतलं तर काय हुतंय?"

"नियम आहे," मी म्हणाले.

*

कारखान्यात फोन केला. रंगासाठी लागणारी रसायनं तिथे बनायची. साहेब अत्यंत सभ्यपणे बोलले.

"मॅडम, गाडी आमच्या गेटबाहेर पडली. पिवळ्या प्रतीवर चालकाची सही आहे. आमच्याकडून ती गेली."

"पण माल जुळत नाही. परत तुम्हालाच घ्यावी लागेल."

"आमच्या लॅबमध्ये जुळला होता."

"मग पुन्हा तपासा."

"गाडी आमच्याकडे नाही ना, मॅडम. कशी तपासू?"

आमच्या केंद्रप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, गेटच्या आत घ्यायची नाही, बाहेर काय होतं ते आपलं नाही. मंडळाला फॅक्स केला. त्याची पोच आली. मग हरिबांनी पडवळांच्या फोनवरून आपल्या मालकाला फोन लावला. आम्ही दोघं बाजूला उभे होतो, आणि पलीकडचा आवाज इतका मोठा होता की आम्हाला तो न ऐकल्याचं नाटक करावं लागलं.

"रिकामी करूनच ये. कशी केलीस ते मला सांगू नको."

हरिबांनी रिसीव्हर ठेवला. तो सरळ बसला नव्हता, म्हणून उचलून पुन्हा ठेवला.

आणि गाडी उभी राहिली. गेटच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, माळावर. हिरव्या रंगाची, दहा हजार लिटरची टाकी, पाऊण भरलेली. कारखान्याची नाही, आमची नाही, मालकाची नाही. टाकीखाली सावली होती, तिथे हरिबांनी पोतं अंथरलं.

तिथे आधीच एक गाडी होती. मुजावरांची. ती आम्ही नाकारली नव्हती. चामड्याच्या कारखान्यातलं पाणी होतं, केस काढायला वापरतात ते, सल्फाइडचं. कागदावर लिहिलं होतं तेच निघालं होतं. पण सल्फाइडसाठी वेगळी टाकी लागते आणि ती शुक्रवारी रिकामी होणार होती. मुजावर सोमवारपासून तिथेच होते. स्टोव्ह, पातेलं, चटई, सगळा संसार मांडला होता.

"या, या," ते हरिबांना म्हणाले. "गाव वसायला लागलं. दोन घरं झाली."

पडवळ खिडकीतून ओरडले, "मतदार यादीत नावं घाला रे यांची!"

"सरपंच म्या," हरिबा म्हणाले.

"तुमी नंतर आलाय," मुजावर म्हणाले. "सरपंच मी. तुमी उपसरपंच."

*

बुधवारी सकाळी कारखान्याचे साहेब फोनवर म्हणाले, पाठवून द्या, बघू. मी धावत जाऊन हरिबांना सांगितलं. ते सव्वानऊला खिंड उतरून गेले. चार वाजता परत वर आले. टाकी भरलेलीच. भरलेली टाकी चढावर वेगळा आवाज करते, तो मी खिडकीतून ऐकला.

"काय झालं?"

"वॉचमननं पाणी दिलं. आत घेतलं न्हाई."

"साहेबांनी स्वतः सांगितलं होतं मला."

"सायब मीटिंगला. चार तास मीटिंग." त्यांनी पटक्याचं टोक सोडून मान पुसली. "आता खात्री असल्याबिगर मला हलवू नका, ताई. डिझेल माज्या पदरचं जळतंय, त्ये जाऊ द्या. पर ती भरल्याली गाडी घाटात... वळणावर आतलं पानी एका अंगाला जातंय. गाडी ऐकत न्हाई मग."

"बरं," मी म्हणाले.

मुजावरांनी त्यांच्या हातात चहा दिला, मलाही दिला. जळक्या साखरेचा, तपकिरी, थोडा कडवट. मी त्या दोघांसमोर एका दगडावर बसले. तोपर्यंत मी कधी गेटबाहेर बसले नव्हते.

"कोळेकर, एवढं कशाला जिवाला लावून घेता?" मुजावर म्हणाले. "खिंडीखाली मोरी आहे. बाकीचे काय करतात ते मॅडमना पण ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या गाड्या आम्ही परत पाठवायचो, त्यातल्या किती खरोखर परत जायच्या, हे सहाही कागदांवर कुठे लिहिलेलं नसायचं.

"एकदा ओतलंय म्या," हरिबा म्हणाले.

मुजावरांनी स्टोव्ह बारीक केला.

"तवा दुसऱ्या मालकाकडं हुतो. मालक म्हनला वत, वतलं. येळ सकाळचीच हुती. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं येत हुतो. वड्यात बाया धुनं धूत हुत्या. पोटऱ्याएवढ्या पान्यात."

"मग?"

"मग काय. म्या गाडी थांबवली न्हाई." चहा संपला होता, तरी त्यांनी पेला तोंडाला लावला. "त्या बायांस्नी सांगायला पायजे हुतं. हॉर्न तरी वाजवायचा. म्या गेअर बदलला."

मुजावर म्हणाले, "अल्ला माफ करतो."

"त्यो करंल. म्या काय म्हनतो, आता जिथं उतरायला पायजे तिथंच उतरवनार. कागद घिऊन जानार. हितं म्हैनाभर ऱ्हावं लागलं तरी."

तेव्हा मी उठले, प्रयोगशाळेत गेले आणि पट्ट्यांचं एक पुस्तक घेऊन आले. आगपेटीएवढं पुस्तक असतं ते, फाडून घ्यायच्या पातळ पट्ट्या आणि झाकणाच्या आत रंगांचा तक्ता. मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. माझ्या हातात तेवढंच होतं.

"हे ठेवा. पुढच्या वेळी कारखान्यात भरतानाच एक बुडवून बघायची. लाल आली तर सहीच करायची नाही. म्हणायचं, आधी दुरुस्त करा."

त्यांनी तक्ता लांब धरून पाहिला. जवळचं दिसत नव्हतं त्यांना.

"ह्यो लाल. म्हंजी तेजाब."

"हो."

"ह्यो निळा?"

"तो उलट बाजूचा. बुळबुळीत, साबणासारखा. कॉस्टिक वगैरे."

"आन् मधी हिरवा."

"मध्ये हिरवा. तो चांगला. तो आला की मी सही करते."

"असं हाय व्हय," हरिबा म्हणाले. "एवढं सोपं हाय. मला वाटायचं, तुमी आत काय मंतर घालताय."

"मंतर घालायला एम.एस्सी. लागत नाही," पडवळ काट्यावरून म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. हे मला आठवतं. चौघं हसलो होतो. मुजावरांना हसताना ठसका लागला.

*

गुरुवार.

गुरुवारी सकाळी आठ गाड्या होत्या. माझी मान वर नव्हती. दहाच्या सुमारास हरिबा दाराशी आले. आत यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहायचे, देवळात आल्यासारखे.

"ताई, एक इचारू? मुजावरांचा रंग कंचा?"

"निळा," मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता म्हणाले. "गडद निळा."

"म्हंजी टोकाचा."

"हो, टोकाचा."

"बरं," ते म्हणाले. चपला घातल्या. गेले.

हे एवढंच. पंधरा सेकंदं. मी ही पंधरा सेकंदं वीस वर्षं ऐकते आहे, आणि त्यात दर वेळी एक जागा सापडते, "टोकाचा" आणि "बरं" यांच्या मधली. तिथे मी मान वर करू शकले असते. विचारू शकले असते, का हो?

*

एक वाजता मी डबा उघडला. भेंडीची भाजी होती. पडवळ काटा बंद करून माझ्यासमोर बसले. त्यांनी कांदा फोडला.

"वास येतोय," ते म्हणाले.

"कांद्याचा."

"नाही. अंड्याचा. नासक्या अंड्याचा."

मला आला. मी खिडकीकडे बघितलं. मुजावरांची गाडी त्या वासाचीच होती, थोडा थोडा तो चार दिवस होताच. मी म्हणाले, "ऊन चढलंय, म्हणून."

मग वास वाढला. मग एकदम गेला.

"गेला," पडवळ म्हणाले आणि भाकरी मोडली.

मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. हातातल्या भाकरीकडे. आम्हाला शिकवलेलं असतं. नासक्या अंड्याचा वास आला तर गॅस थोडा आहे. वास यायचा अचानक थांबला तर गॅस गेलेला नसतो. नाक गेलेलं असतं.

"पडवळ, श्वास घेऊ नका," मी म्हणाले. वाक्य किती वेडं होतं ते मला बोलतानाच कळलं.

आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो, वाऱ्याच्या दिशेनं वर, आणि वळसा घालून रस्ता दिसेल तिथे आलो. दीडशे-दोनशे फुटांवर.

दोन गाड्या एकमेकींना लागून उभ्या होत्या. सकाळी त्या तशा नव्हत्या. मुजावरांच्या गाडीच्या पंपापासून एक काळा पाइप हरिबांच्या टाकीवर गेला होता. पंप चालू होता. त्याचा आवाज साधाच होता, शेतात मोटर चालते तसा.

मुजावर शिडीच्या पायथ्याशी पडले होते, एक हात खालच्या पायरीत अडकलेला. ते चढून गेले होते आणि वरून पडले होते. हरिबा वर होते. टाकीच्या तोंडाशी पालथे, डोकं आणि एक खांदा आत.

मी धावले. खरंच धावले असणार, कारण पडवळांनी मला कंबरेला धरून खाली पाडलं आणि माझ्यावर बसले. अंगानं थोराड माणूस, तोंडात अजून घास होता.

"सोडा मला."

"नाही."

"पडवळ, ते वर आहेत, त्यांना ओढून..."

"मुजावर तेच करायला गेला," पडवळ म्हणाले. "बघ. बघ तू तिकडं."

ते मला पहिल्यांदाच अगं-तूगं बोलले. मी बघितलं. मुजावरांची टोपी रस्त्यावर होती, उलटी.

केंद्रातले लोक हवेची नळकांडी पाठीला लावून, तोंडावर मुखवटे चढवून आले, त्याला नऊ मिनिटं लागली. ती नऊ मिनिटं पंप चालू होता.

*

टाकीच्या शिडीला, वरून दुसऱ्या पायरीवर, पट्ट्या चिकटवलेल्या होत्या. ओल्या असल्यामुळे चिकटल्या होत्या. ओळीनं, मध्ये बोटभर अंतर सोडून.

लाल.

लाल, थोडी फिकी.

नारिंगी.

पिवळी.

पिवळी, हिरवट.

सहावी शिडीवर नव्हती. ती त्यांच्या मुठीत होती. मूठ उघडली तेव्हा मी तिथे होते. उघडावी लागली, कारण मुठीत काय आहे ते पंचनाम्यात लिहायचं होतं. पोलीस हवालदारांनी पट्टी चिमट्यानं धरली आणि मला विचारलं, "मॅडम, हे काय?"

हिरवी. तक्त्यावरच्या सातच्या चौकोनावर ठेवली असती तर फरक दिसला नसता. मी प्रयोगशाळेत रोज करायचे त्यापेक्षा ते काम स्वच्छ होतं. थोडं थोडं ओतायचं, दर वेळी बुडवून बघायचं, आणि पट्ट्या टाकून न देता ओळीनं मांडायच्या, म्हणजे दुसऱ्याला दाखवता येतात.

मला दाखवायला.

लाल आणि निळं. मध्ये हिरवं. त्यांनी ते बरोबर ओळखलं होतं. शाळेत मुलांना हेच शिकवतात. फक्त ते निळं सल्फाइडचं होतं, आणि सल्फाइडमध्ये तेजाब मिसळलं की कोणता गॅस सुटतो, हे त्या आगपेटीएवढ्या पुस्तकाच्या झाकणावर लिहिलेलं नव्हतं. ते मला माहीत होतं. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं.

*

चौकशी अहवाल, पान ११. माझी साक्ष.

प्रश्न: पट्ट्यांचं पुस्तक मृताकडे कसं आलं?

उत्तर: मी दिलं.

प्रश्न: कशासाठी?

उत्तर: पुढच्या वेळी माल भरताना तपासता यावा म्हणून.

प्रश्न: माल मिसळा, असं आपण सुचवलं?

उत्तर: नाही.

प्रश्न: एकमेकांशी न जुळणारे माल मिसळू नयेत, याचं कारण आपण कधी चालकांना सांगितलं होतं?

उत्तर: नियम सांगितला होता.

प्रश्न: कारण?

उत्तर: नाही.

प्रश्न: असे माल असलेल्या गाड्या शेजारी उभ्या करू नयेत, असा नियम केंद्रात होता?

उत्तर: होता.

प्रश्न: तरी त्या शेजारी होत्या.

उत्तर: नियम गेटच्या आत होता. गाड्या बाहेर होत्या.

प्रश्न: त्या दिवशीचं आणखी काही, जे नोंदवलं जावं असं आपल्याला वाटतं?

उत्तर: नाही.

अहवालानं मला दोषी धरलं नाही. माझी वागणूक कार्यपद्धतीला धरून होती, असं पान १९ वर आहे. कारखान्याला नोटीस गेली. नंतर गेटबाहेर तारेचं कुंपण घातलं आणि पाटी लावली, येथे वाहने उभी करू नयेत. गाड्या मग आणखी खाली, खिंडीच्या तोंडाशी उभ्या राहायला लागल्या.

*

"ते जेवले होते का?"

आठव्या दिवशी फोन आला. पडवळांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि खोलीतून बाहेर गेले. जतजवळच्या कुठल्या तरी गावातून, कुणाच्या तरी दुकानातून ती बोलत होती. मागे गिरणीचा आवाज होता.

"मी... कोण बोलतंय?"

"कोळेकरीन बोलतीया. तुमीच त्या तपासनीस बाई न्हवं? त्यांच्या तोंडात असायचं, ताई लई चोख हायती म्हनून." गिरणीवर तिनं आवाज चढवला. "जेवले हुते का त्ये? दुपारचं हुतं म्हनं."

मला माहीत नव्हतं. मुजावरांच्या स्टोव्हवर पातेलं होतं, त्यात डाळ होती, ती लागून काळी झाली होती. म्हणजे शिजायला ठेवून ते कामाला लागले होते. काम झाल्यावर जेवू, असं ठरलं असणार. आधी मला पट्टी दाखवायची, सही घ्यायची, मग जेवायचं.

"हो," मी म्हणाले. "डाळभात जेवले होते. मुजावरांनी केला होता."

"मंग बरं," ती म्हणाली. "त्यास्नी भूक निघत न्हवती."

*

हरिबांची गाडी केंद्रात घेतली. मंडळाचा विशेष आदेश आला, त्याच आठवड्यात, शनिवारी. आता तिला कुणी नाही म्हणेना. कारखान्याचे साहेब सही करायला स्वतः वर आले, पांढऱ्या मोटारीतून, नाकाला रुमाल लावून. मी नमुना घेतला, कारण नमुना घेतल्याशिवाय गेट उघडत नाही. पट्टी बुडवली. जिथे "जुळतो / जुळत नाही" असं छापलेलं असतं, तिथे केंद्रप्रमुखांनी माझ्या हातातून पेन घेऊन "आदेशानुसार" असं लिहिलं.

मग मी सही केली. गाडीबरोबर आलेल्या सगळ्या कागदांवर एकदम, मध्ये कार्बन घालून. दाबून केली. नारिंगी कागद वर घेऊन उजेडात बघितला. वाहनचालकाचे नाव या रकान्यात हरिबांची सही होती, मंगळवारी कारखान्यात केलेली, अक्षर अक्षर सुटं लिहिलेली: ह. ज्ञा. कोळेकर. चौथ्या कागदापर्यंत ती पूर्ण पोचली होती. त्यांनी फार जोर लावला असला पाहिजे.

मालकानं नवा चालक पाठवला होता. त्यानं नारिंगी कागद घेतला, चुरगळून पुढच्या काचेखाली टाकला आणि रिकामी गाडी घेऊन खिंड उतरून गेला. रिकामी टाकी खडखडत जाते. बराच वेळ ऐकू येत होती.

मी अजून चार वर्षं तिथे नोकरी केली. त्यानंतर शिकवते. सातवीच्या मुलांना पट्ट्यांचा धडा आला की मी दुसऱ्या बाईंना तास घ्यायला सांगते, आणि त्या घेतात, का ते विचारत नाहीत.

*

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी कारखान्याच्या साहेबांचा फोन आला होता. गाडी पाठवून द्या, आज नक्की उतरवून घेतो, असं ते म्हणाले. मी म्हणाले, तोंडी नको, लेखी पाठवा. हरिबांना काही सांगितलं नाही. फॅक्स एक वाजून पन्नास मिनिटांनी आला.